हळदीचा पिवळेपणा अणूंत नाही

हळकुंड मोडायचे आणि आतला गाभा पाहायचा, ही हळद पारखण्याची जुनी रीत. गाभा जितका गडद, केशरीकडे झुकणारा, तितका भाव चढा. अलीकडे या नजरेच्या जोडीला प्रयोगशाळेचा आकडाही आला आहे आणि करक्युमिन किती टक्के हे विचारले जाऊ लागले आहे. हिंगोली जिल्ह्यात हळदीचा विषय निघाला की बोलणे वाण, भाव आणि ही टक्केवारी यांच्याभोवती फिरते. ते स्वाभाविकही आहे, कारण वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हळदीवर संशोधन करण्यासाठी स्वतंत्र केंद्रही वसमतलाच आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी असलेला एक प्रश्न मोंढ्यात कोणी विचारत नाही आणि शाळेतही फारसा विचारला जात नाही. हा पिवळा रंग नेमका कशाचा? ‘करक्युमिनचा’ हे उत्तर खरे असले तरी ते प्रश्न एक पायरी मागे ढकलते, इतकेच. करक्युमिनच्या एका रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. कोळशाच्या रूपातला कार्बन काळा, हिऱ्याच्या रूपातला पारदर्शक. हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे रंगहीन वायू. या तिघांतल्या एकाकडेही पिवळा रंग नाही. मग तो आला कुठून? उत्तर असे, की पदार्थाचे गुण त्याच्या अणूंत शोधून सापडत नाहीत. ते अणू एकमेकांना कसे जोडले गेले आहेत, त्या जोडणीत असतात. आणि हे पटवून घ्यायला हळकुंडाइतका सोयीचा पुरावा दुसरा नाही.

त्या एकाच हळकुंडात करक्युमिनखेरीज आणखी काय असते ते पाहा. वाळलेल्या हळदीत सर्वात मोठा वाटा असतो पिठूळ स्टार्चचा. तो पांढरा, बेचव, थंड पाण्यात न विरघळणारा. हळदीचा ओळखीचा वास येतो तो तिच्यातल्या तेलामुळे, आणि त्या तेलातला एक मुख्य घटक म्हणजे टर्मेरोन, म्हणजे साध्या तापमानालाही हळूहळू उडून जाणारा द्रव. तिसरे करक्युमिन, पिवळे आणि स्फटिकरूप. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये मात्र विरघळते. एक पीठ, एक सुगंधी तेल आणि एक रंग. तिन्हींचे अणू तपासले तर तिन्हींत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, एवढेच. चौथे मूलद्रव्य नाही. झाडाने हे तिन्ही पदार्थ हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासूनच बनवले. कच्चा माल एकच, माल मात्र तीन प्रकारचा.

यावर चटकन आक्षेप येईल की मूलद्रव्ये तीच असली तरी त्यांचे प्रमाण वेगळे आहे, आणि गुणांतला फरक त्या प्रमाणाचा आहे. आक्षेप रास्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक रसायनशास्त्रज्ञांचेही असेच मत होते. संयुगाची ओळख म्हणजे त्याचे सूत्र, असे ते मानत. म्हणून प्रमाण अगदी सारखे असेल असे उदाहरण घ्यायला हवे, आणि तेही जिल्ह्याबाहेर शोधायची गरज नाही. हळदीच्या शेजारच्या शिवारात कापूस उभा असतो. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. हळदीतला स्टार्च आणि कापसातले सेल्युलोज या दोन्हींत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे प्रमाण तंतोतंत एकच आहे. इतकेच नाही, दोन्ही एकाच विटेचे बांधकाम आहे, आणि ती वीट म्हणजे ग्लुकोज. फरक फक्त एका ग्लुकोजला दुसरे ग्लुकोज कोणत्या बाजूने जोडले आहे याचा. स्टार्चमध्ये बंध एका दिशेने असतो म्हणून साखळी वळत जाते आणि तिचे सैल वेटोळे बनते. सेल्युलोजमध्ये बंध उलट्या दिशेने असतो, प्रत्येक पुढचे ग्लुकोज पालथे पडते, साखळी सरळ राहते आणि शेजारच्या साखळ्यांना घट्ट चिकटून तिचा तंतू होतो. आपल्या लाळेतले विकर पहिल्या प्रकारचा बंध तोडते, दुसऱ्याला हातही लावू शकत नाही. म्हणून एक आपण खातो आणि दुसरे अंगावर घालतो. बैलालाही सेल्युलोज स्वतःच्या बळावर पचत नाही; ते काम त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव करतात. सूत्र एक, घटक एक, आणि तरी एक अन्न तर दुसरे वस्त्र. प्रमाणाचा आक्षेप इथे संपतो.

तर मग हा बंध म्हणजे काय? हायड्रोजनचे दोन अणू हे सर्वात साधे प्रकरण. प्रत्येकाकडे एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. अणू एकमेकांपासून लांब असताना प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या प्रोटॉनच्या ओढीत असतो. ते जवळ आले की दोन्ही इलेक्ट्रॉनांना दोन्ही प्रोटॉनांची ओढ मिळते, दोघांमधल्या जागेत इलेक्ट्रॉनांचा वावर वाढतो आणि एकूण ऊर्जा खाली येते. फार जवळ ढकलले तर प्रोटॉन एकमेकांना दूर सारतात. या ओढाताणीत ७४ पिकोमीटर अंतरावर तोल साधला जातो. एक पिकोमीटर म्हणजे मीटरच्या एक लाख कोटी भागांतला एक भाग. दोन अणू मिळून इलेक्ट्रॉनांची एक जोडी वाटून घेतात, ही कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस याने १९१६ मध्ये मांडली. ती बरोबर का आहे हे त्याला सांगता येत नव्हते. ते वॉल्टर हाइट्लर आणि फ्रिट्झ लंडन यांनी १९२७ मध्ये, तेव्हा नव्याच असलेल्या पुंजयामिकीच्या गणिताने दाखवले. जोडी वाटून घेतली की सहसंयुजी बंध होतो. एखाद्या अणूची ओढ इतकी जास्त असेल की तो दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन काढूनच घेईल, तर एक धनभारित, एक ऋणभारित असे दोन आयन तयार होतात आणि विरुद्ध भारांच्या आकर्षणाने ते एकत्र राहतात. हा आयनिक बंध, मिठातला. पाठ्यपुस्तकांत या दोन्हींच्या मध्ये ठळक रेघ मारलेली असते. निसर्गात तशी रेघ नाही, बहुतेक बंध या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. शिवाय बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, हा समज विद्यार्थ्यांत फार घट्ट आहे. प्रत्यक्षात उलटे आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, बंध जुळताना ती बाहेर पडते. हळद शिजवण्याच्या भट्टीतले लाकूड उष्णता देते, ते त्यातला कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी अधिक पक्के बंध जोडतात म्हणून.

आणखी एक शंका अधिक खोल आहे. अणू तरी आहेत हे पटते, पण बंध ही काही वस्तू नव्हे. ते आपल्या सोयीसाठी काढलेल्या रेघांचे नाव. मग ज्याला अस्तित्वच नाही त्यात गुण कसे राहणार? विसाव्या शतकातल्या काही नामवंत सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञांनीही ही शंका बोलून दाखवली आहे, तेव्हा ती झटकून टाकण्यासारखी नाही. बंध ही वस्तू नाही, हे मान्यच. पण त्याची लांबी मोजता येते. कार्बन-कार्बनमधला एकेरी बंध सुमारे १५४ पिकोमीटरचा, दुहेरी बंध सुमारे १३४ चा, आणि बेंझिनच्या षट्कोनी कड्यातले सहाही बंध सारखेच, सुमारे १४० चे, म्हणजे ना एकेरी ना दुहेरी. तो तोडायला लागणारी ऊर्जा मोजता येते. २००९ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत पेंटासीन या रेणूची अशी प्रतिमा घेतली गेली की त्याची पाचही कडी डोळ्यांनी मोजावीत. जे मोजता येते, ज्यावरून पुढचे भाकीत करता येते आणि ते खरे ठरते, त्याला विज्ञानात खरे म्हणायला एवढे पुरेसे असावे. वारा तरी कुठे वस्तू आहे?

आता पुन्हा पिवळ्या रंगाकडे. फोगेल आणि पेलेतिए यांनी हळदीतला रंगद्रव्य-घटक १८१५ मध्ये वेगळा केला, पण त्याची रचना कळायला जवळजवळ शतक गेले. ती १९१० मध्ये मिलोबेंड्झ्का, कोस्तानेत्स्की आणि लांपे यांनी ठरवली. दोन टोकांना बेंझिनसारखी दोन कडी आणि त्यांना जोडणारी सात कार्बनांची साखळी, असा हा रेणू. महत्त्वाची गोष्ट अशी की टोकापासून टोकापर्यंत एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने येतात. असे असले की दुहेरी बंधांतले काही इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बांधलेले राहत नाहीत. बांध फोडला की दोन वावरांतले पाणी एक होते, तसे ते साऱ्या साखळीभर पसरतात. पसरायला जितकी जागा जास्त, तितकी त्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर उचलायला लागणारी ऊर्जा कमी. एकट्या दुहेरी बंधाला अतिनील किरणांची ऊर्जा लागते आणि ते किरण आपल्याला दिसतच नाहीत, म्हणून असे पदार्थ रंगहीन असतात; स्टार्चमध्ये तर असे आळीपाळीचे बंध नाहीतच, म्हणून तो पांढरा. करक्युमिनच्या लांब साखळीत ही गरज इतकी खाली येते की सुमारे ४२५ नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश पुरतो. तो शोषला गेला की उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनमध्ये असे ११ दुहेरी बंध ओळीने असतात आणि त्याचा रंग नारिंगीकडे सरकतो. रंग बंधांच्या रांगेवर ठरतो, याचा हा हिशेब.

हा हिशेब खरा असेल तर अणू तेच ठेवून बंधांत किंचित ढवळाढवळ केली तरी रंग बदलायला हवा. तो बदलतो आणि प्रत्येक घरात बदललेला पाहिला आहे. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालसर होतो. साबणातला अल्क करक्युमिनच्या टोकाशी असलेल्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजनचा प्रोटॉन काढून घेतो. कार्बनचा सांगाडा जसाच्या तसा, पण मागे राहिलेला ऋणभार साखळीभर पसरतो, इलेक्ट्रॉन उचलायला आणखी कमी ऊर्जा लागते, आता निळा-हिरवा प्रकाशही शोषला जातो आणि लाल दिसू लागतो. लिंबू पिळले की प्रोटॉन परत येतो, त्याबरोबर पिवळाही. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या रीतींत चुना, टाकणखार, लिंबाचा रस यांचा उपयोग होतो, तो या रसायनाच्या जवळपासचाच आहे. टाकणखारातल्या बोरॉनची तर खास गंमत आहे. आम्लाच्या सान्निध्यात बोरॉनचा एक अणू करक्युमिनच्या दोन रेणूंना मध्यभागी धरून ठेवतो आणि गर्द लाल संयुग बनते. बोरॉन ओळखण्यासाठी प्रयोगशाळांत हळदीचा कागद वापरला जातो तो यामुळे. तोच डागाचा कपडा धुऊन उन्हात टाकला तर डाग फिका होत जातो. इथे बंध नुसता बदलत नाही, तुटतो. प्रकाश शोषून उत्तेजित झालेली साखळी मधूनच मोडते, छोटे तुकडे पडतात आणि त्यांच्यात पसरायला जागा नसल्याने ते रंगहीन असतात. त्यातला एक तुकडा व्हॅनिलिन असतो, आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांतले काहीही नाहीसे झालेले नसते. रंग तेवढा गेलेला असतो.

मग प्रश्न पडतो की काढणीनंतर हळद तासभर उकळत्या पाण्यात किंवा कुकरच्या वाफेत शिजवतात, तेव्हा रंग का जात नाही? कारण सगळे बंध सारख्या ताकदीचे नसतात. कार्बन-कार्बन बंध तोडायला दर मोलला सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. स्टार्चच्या साखळ्या एकमेकींना धरून असतात त्या हायड्रोजन बंधांनी, आणि त्यांची ताकद याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास. उकळत्या पाण्यातली धडपड दुसऱ्यांना सैल करते, पहिल्यांना नाही. म्हणून स्टार्चचे कण फुगतात, त्यांची खळ होते, पेशींच्या भिंती सैलावतात आणि रंग गाभाभर सारखा पसरतो. पुढे वाळल्यावर हळकुंड टणक आणि एकरंगी होते. हळद शिजवणारा माणूस कच्चे बंध तोडून पक्के शाबूत ठेवत असतो, आणि फेस व वास पाहून कुठे थांबायचे हे त्याने रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी ठरवलेले आहे.

या जिल्ह्याची जमीनही याच न्यायाने वागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. त्याच्या एका पापुद्र्यातले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध फार मजबूत. दोन पापुद्र्यांमधले मात्र इतके ढिले की त्यांत पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते पाणी निघून गेले की हात जाईल एवढ्या भेगा. आणि याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. लायगोच्या यंत्रात सुमारे ४० किलो वजनाचे आरसे काचेच्या बारीक धाग्यांवर टांगलेले असतात. आरसाही शुद्ध सिलिकाचा, धागाही. धागे अडकवायचे काचेचे कान आरशाच्या कडेला लावायला साधा डिंक चालत नाही, कारण डिंकाच्या रेणूंची थरथरच मोजमाप बिघडवून टाकील. म्हणून घासून सपाट केलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये अल्कधर्मी द्रावणाचे थेंब सोडतात. ते सिलिकाचा वरचा थर किंचित विरघळवतात, आणि पाणी निघून गेल्यावर दोन्ही बाजूंमध्ये सिलिकॉन-ऑक्सिजनचे नवे बंध तयार होतात. चिकटवलेले काही उरत नाही, दोन तुकडे रासायनिक अर्थाने एकच होतात. ज्या बंधांनी काळ्या मातीचा पापुद्रा घडला तेच हे बंध.

इतके सगळे बंधांच्या पदरात टाकल्यावर मात्र एक मर्यादा मान्य करायला हवी, आणि तीही हळदीनेच दाखवलेली. निस्तेज हळकुंडांना चकाकी आणण्यासाठी लेड क्रोमेट फासण्याची भेसळ दक्षिण आशियात आढळली आहे. त्याचाही रंग पिवळा, पण तो वेगळ्या कारणाने. क्रोमेट आयनात ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन क्रोमियमकडे उडी घेतो, तेव्हा निळा-जांभळा प्रकाश शोषला जातो. शिशाचा त्यात वाटा गौण, पोटॅशियम क्रोमेटही पिवळेच असते. डोळ्याला दोन पिवळे जवळजवळ एक. इथे कोणी म्हणेल, विष तर शिशाचे आहे, म्हणजे अणूचेच. बंध बदलून शिशाची चांदी होत नाही. हे खरे आहे. करक्युमिन शरीर मोडून टाकू शकते, शिसे मोडू शकत नाही, ते हाडांत साठत राहते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. पण हे शिसे शरीरात शिरते कसे, हा प्रश्न पुन्हा बंधाकडेच नेतो. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असते. जठरातले आम्ल क्रोमेटची शिशावरची पकड सोडवते आणि मग शिसे मोकळे होते. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के हळद-नमुन्यांत शिसे सापडले होते. धाडी, दंड आणि जनजागृती यांनंतर २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. भेसळ ओळखण्यासाठी घरी साबणाची चाचणी करावी असे कोणाला वाटेल, तर तिचा उपयोग नाही. भेसळीच्या हळदीतही करक्युमिन असतेच आणि ते लाल होतेच.

राहता राहिला औषधी गुणांचा दावा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकेतले एकस्व १९९७ मध्ये रद्द झाले, ते रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने दिलेल्या लढ्यामुळे. पारंपरिक ज्ञानाचा तो विजय होता, आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. पण त्यावरून करक्युमिन हे सर्व रोगांवरचे औषध ठरत नाही. ज्या आळीपाळीच्या बंधांनी रंग दिला तेच बंध या रेणूला नाजूक बनवतात. शरीराच्या तापमानाला आणि रक्ताच्या जवळपासच्या सामूला, साध्या क्षारद्रावणात ठेवले तर अर्ध्या तासात त्याचा सुमारे ९० टक्के भाग विघटित होतो, असे १९९७ च्या एका अभ्यासात दिसले. पाण्यात न विरघळल्याने ते आतड्यातून फारसे शोषलेही जात नाही. त्यात भर म्हणजे हा रेणू प्रकाश शोषतो, स्वतः चमकतो, अनेक प्रथिनांशी अंदाधुंद बंध जोडतो. त्यामुळे परीक्षानळीतल्या पुष्कळ चाचण्यांत तो परिणामकारक असल्याचा भास होतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या औषधी रसायनशास्त्रज्ञांनी यावर सविस्तर आढावा लिहिला आणि हजारो शोधनिबंधांनंतरही करक्युमिनची उपयुक्तता ठाम सिद्ध करणारी मानवी चाचणी हाती नाही, असे नोंदवले. मिरीतले पायपरीन सोबत दिले तर रक्तातले प्रमाण कितीतरी पटींनी वाढते, असे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले होते. पण वाढलेले प्रमाण म्हणजे सिद्ध झालेला गुण नव्हे, आणि हळदीच्या पाकिटावर छापलेली करक्युमिनची टक्केवारी तर त्याहूनही कमी सांगते. तिच्यावरून रंग किती गडद आणि भाव किती मिळेल, एवढेच कळते.